गाडी उभी हाय का?

तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
वजनकाट्याच्या खिडकीत बसते मी.
माझं काम म्हटलं तर एका वाक्याचं:
कुठवर आलास?

सौद्याचा दिवस असला की सकाळपासून तेच.
जतहून निघालेला, विजापूरहून निघालेला,
नागजला चहाला थांबतो म्हणून न थांबलेला,
प्रत्येकाला दहा-दहा मिनिटांनी.
शेठ मला विचारायचे, मी पुढं विचारायची,
आणि पुढं कुणीतरी
एका हातानं स्टेअरिंग धरून
उत्तर द्यायचा.

ते एका हाताचं मला ठाऊक नव्हतं असं नाही.
वारा यायचा फोनमधनं, गाणं यायचं,
गिअर पडल्याचा खट्ट.
आवडायचं मला ते, खरं सांगते.
खिडकीतनं दिसतो फक्त काटा आणि एक लिंब.
फोनमध्ये रस्ता असायचा.

मग तो फाल्गुनातला सोमवार.
इलाही मुजावर, आयशर टेम्पो, पाच टन माल,
मणेराजुरीच्या अलीकडं.
मी म्हटलं, कुठवर आलास, तुझा लॉट लागतोय.
म्हणाला, आलोच की ओ ताई, हितंच, पाच मि

ब्रेकचा आवाज फोनमध्ये वेगळा येतो.
पत्र्यावर कुणी नख ओढावं तसा, लांबच लांब.
त्याच्यापुढं काही नाही.
हॅलो म्हटलं मी. किती वेळा, मोजलं नाही.
माझ्या मागं बोली चाललेली,
एकशे साठ, एकशे साठ, पासष्ट,
आणि फोनमध्ये, बऱ्याच वेळानं,
शेळीच्या गळ्यातली घंटा.
मग आणखी एक.
मग एक पोरगी, रडत होती,
नाही, कोकराला हाका मारत होती.
मग इलाहीचा श्वास.
"काय न्हाई ताई," म्हणाला. "काय न्हाई झालं."

खरंच काही झालं नव्हतं.
पोरगी आणि टेम्पो यांच्यात
(त्यानं काट्याजवळ चालून दाखवलं मला)
दोन पावलं. दुसरं अर्धंच.
वरची दोन खोकी फुटली होती.
वजन केलं. घट सात किलो.
कारणाच्या रकान्यात पेन टेकवून
मी बराच वेळ बसले,
मग लिहिलं: माझा फोन.

शेठनी ते वाचलं, चष्मा काढला,
काही बोलले नाहीत. बोलले दुसऱ्या दिवशी,
जेव्हा माझं वाक्य बदललं.
आता मी पहिलं विचारते, गाडी उभी हाय का?
नाही म्हणाला की ठेवते.
रागानं नाही. नुसतं ठेवते.
"अगं, लॉट चुकंल!"
चुकू दे. द्राक्षं वाळायला पंधरा दिवस थांबतो आपण,
माणूस पोचायला पंधरा मिनिटं थांबू.
बेदाणा काय दुधागत नासतोय होय?

ड्रायव्हरांनी नाव पाडलंय मला, उभी-का-बाई.
तातोबा म्हणाला, ताई, कानात वायर हाय,
दोन्ही हात मोकळे.
मी म्हटलं, हात मोकळे, आणि ध्यान?
हसला. मग त्यानंच ठेवला.

आता फोन उलटा येतो, त्यांच्या सवडीनं.
मागं रसवंतीचे घुंगरू वाजत असतात,
कपबशी आपटते, कुणी जांभई देतं.
"बोला बाई, उभा हाय."
इंजिन बंद असलं की माणसाचा आवाज
किती जवळचा येतो.

पण मीही काही धुतल्या तांदळाची नाही.
इलाहीच्या आधी कित्येक वर्षं
स्कार्फमध्ये फोन खोचून, मान वाकडी करून
स्कुटीवरनं भाजीचा भाव विचारलाय मी घरी.
आता फोन डिकीत टाकते.
काल संध्याकाळी चढाला वाजायला लागला,
सीटखाली, मांडीला थरथर जाणवेल इतका.
शेठ असतील. किंवा पोरगा. किंवा कुणी
कुठवर आलीस विचारणारं.

वाजू दे.
मी अजून उभी नाही.